बारा एकर, तिघे भाऊ आणि सोलरचा करार

पत्र

"मॅडम, नमस्कार. आम्ही धाराशिव जिल्ह्यातले. घरची बारा एकर जमीन आहे, दोन गटांत. सात एकर माळाची मुरमाड आणि पाच एकर ओढ्याकाठची काळी. विहीर काळीतच आहे. सासरे वारले. माझे मिस्टर मधले. थोरले दीर पुण्याला कंपनीत आहेत, धाकट्यांचं लातूरला दुकान आहे, दोन नणंदा आपापल्या घरी. सगळी शेती आम्ही दोघंच करतो, दिरांना ज्वारी, तूर पोचवतो. सोयाबीन आणि त्यावर हरभरा, बरं वर्ष असलं तर खर्च जाऊन एकरी अठरा हजार उरतात, नाहीतर त्याच्या निम्मे. दोन म्हशी आहेत. आता सोलरचा एजंट एकरी पन्नास हजार वर्षाला म्हणतोय. पंचवीस-तीस वर्षांचा करार, सगळ्या बारा एकरांचा. दोन्ही दीर तयार आहेत. इकडं गावात चाळीस एकर गायरानावर सोलर येणार म्हणून तहसीलसमोर उपोषण चालू आहे. बायका म्हणतात तूही येऊन बस. दीर म्हणतात, बसलीस तर घरात बोलणं बंद. सासूबाई काहीच बोलत नाहीत, त्यांच्या चार शेळ्या त्याच गायरानात चरतात. मी कुणाच्या बाजूनं बसू?"

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात दोन भांडणं आहेत आणि घरातल्या मंडळींनी त्यांचं एक करून टाकलंय. घरची जमीन तुमची, गायरान सरकारच्या मालकीचं आणि वापर गावाचा. दोन्हींचा कायदा वेगळा, नुकसान होणारी माणसंही वेगळी. म्हणून उत्तरंही दोन देते. घरच्या जमिनीपैकी माळाची सात एकर भाड्यानं द्यायला माझी हरकत नाही. ओढ्याकाठची पाच एकर देऊ नका. आणि गायरानाच्या उपोषणाला बसा. तिथं माझी एक अट आहे, ती पुढं सांगते.

आधी दिरांची बाजू, कारण त्यांचा हिशेब चुकीचा नाही. तुम्हीच लिहिता की बऱ्या वर्षी एकरी अठरा हजार राहतात. बारा एकरांचे दोन लाख सोळा हजार झाले. पाऊस हुकला की लाखभर. आणि भाडं सहा लाख! पुण्यात बसून जो माणूस हे दोन आकडे शेजारी ठेवेल, त्याला सही न करणारे वेडेच वाटणार. शिवाय सोयाबीनच्या भावाचं काय चाललंय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सोसलंय. त्यांना लोभी म्हणू नका. तसं एकदा म्हटलं की बोलणं तिथंच संपतं.

पण सहा लाख कुणाच्या घरात जाणार, हे त्या हिशेबात नाही. तिघांत वाटले तर तुमच्या वाट्याला दोन लाख. म्हणजे आज बऱ्या वर्षी तुम्ही दोघं कमावता त्यापेक्षा थोडे कमीच. दिरांना आज ज्वारी-तूर मिळते, उद्या दोन-दोन लाख मिळतील. त्यांचा फायदा स्वच्छ दिसतो. तुमचं मात्र काम जाईल, कडबा जाईल, त्यामागं म्हशी जातील, आणि आयुष्यभर शेतीच केलेली दोन माणसं घरी बसतील. वाईट वर्षाची धास्ती जाईल हे खरं, आणि ती लहान गोष्ट नाही. तरी भाड्याचे पैसे जमिनीच्या मालकीवर मिळतात, राबण्यावर नाही. जो राबतो त्याच्या कामाचं काय, हा प्रश्न तुमच्या घरात अजून कुणी काढलेला दिसत नाही. तो तुम्हाला काढावा लागेल.

आता त्या पन्नास हजारांकडे जरा जवळून बघू. हा आकडा शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठी असलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून आलेला आहे. २०२३ साली या योजनेची दुसरी आवृत्ती आली, त्यात जमिनीचं भाडं ठरलं ते असं: हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, किंवा नोंदणी व मुद्रांक विभागानं ठरवलेल्या जमिनीच्या किमतीच्या ६ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. एकरी हिशेब केला की पन्नास हजार होतात. त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ. पण ही वाढ सरळ पद्धतीची आहे, चक्रवाढ नाही. म्हणजे दरवर्षी एकरी पंधराशे रुपयेच वाढणार. पंचविसाव्या वर्षी तुम्हाला एकरी ८६,००० मिळतील. चक्रवाढ असती तर लाखाच्या वर गेले असते. आणि महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर त्या ८६,००० ची किंमत आजच्या सत्तावीस हजारांएवढीसुद्धा भरत नाही. पहिली दहा वर्षं भाडं छान वाटेल, शेवटची दहा वर्षं तुमच्या मुलांना ते चिल्लर वाटेल. तेव्हा जमीन सोडवूनही घेता येणार नाही.

एजंटाला पहिला प्रश्न हा विचारा: करार कुणाच्या नावानं होणार आणि वीज कुठं जाणार? योजनेतला प्रकल्प असेल तर वीज जवळच्या उपकेंद्रात जाते आणि तिथल्या शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, दिवसा मिळते. महावितरण आणि तिच्यासोबतची एमएसईबी सोलर अ‍ॅग्रो पॉवर ही सरकारी कंपनी त्यात असते, भाड्याचा दर शासन निर्णयात लिहिलेला असतो. पण आज गावोगाव फिरणारे सगळेच एजंट योजनेचे नाहीत. कारखान्यांना वीज विकणाऱ्या खासगी कंपन्यांसाठीही जमिनी गोळा केल्या जातात, आणि बोलताना दर मात्र योजनेचा सांगतात. तिथं ३ टक्के वाढ मिळेलच असं नाही, आणि तुमच्या शिवारात दिवसा लाईट येण्याशी त्या प्रकल्पाचा काही संबंध नाही. नाव, कंपनीचं पत्र आणि उपकेंद्राचं नाव कागदावर मागा. मिळालं नाही तर पुढचं बोलणं करू नका.

योजना मुळात वाईट आहे असं मी म्हणणार नाही. रात्रीच्या पाळीला लाईट आली म्हणून अंधारात बॅटरी घेऊन बारं द्यायला जाणं, पायाखाली साप, कुठं बिबट्याची भीती, हे तुमच्या यजमानांनी वर्षानुवर्षं केलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला या योजनेतला ३ मेगावॉटचा पहिला प्रकल्प सुरू झाला, तिथल्या पंपांना दिवसा वीज मिळू लागली. असं तुमच्या गावात व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच उपोषणाच्या मांडवात कुणी "सोलरमुळे पाऊस पळतो" असं बोललं तर तुम्ही मान डोलवू नका. मोसमी पाऊस शे-पन्नास एकर पॅनलांनी अडत नाही. खऱ्या तक्रारी भरपूर आहेत, त्यात एक खोटी मिसळली की अधिकारी तेवढीच उचलून धरतात आणि बाकीच्या बाजूला ठेवतात.

आता घरातल्या सह्यांचं. तुम्ही "तिघे भाऊ" लिहिलंय, पण सासूबाई आहेत आणि दोन नणंदा आहेत. सासऱ्यांच्या मागं वारस नोंद झाली असेल तर फेरफारात कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडून चालू सातबारा आणि तो फेरफार काढून घ्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पक्का केलाय. जमीन वडिलोपार्जित की सासऱ्यांनी स्वतः घेतलेली, यावर कुणाचा किती हिस्सा ते ठरतं, म्हणून हे एकदा वकिलाकडून बघून घ्या. मात्र एवढं नक्की की सहा लाख तिघांत वाटले जाणार हे दिरांनी परस्पर धरलेलं आहे. नणंदांकडून घाईघाईनं हक्कसोडपत्र घ्यायची कल्पना कुणी काढली तर तुम्ही त्यात पडू नका. आज भाड्याच्या लोभानं बहिणींची नावं काढली तर रक्षाबंधनाला कुणी कुणाच्या दारात जाणार नाही, आणि कोर्टात गेलं तर प्रकल्पही अडकेल.

सासूबाई बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. त्यांना कुणी विचारलंय का? सातबाऱ्यावर नाव असेल तर त्यांच्या सहीशिवाय काही होत नाही. त्यांच्या शेजारी बसा आणि साध्या शब्दांत विचारा, जमीन द्यावी असं वाटतं का. उत्तर काहीही येवो, ते दिरांसमोर त्यांच्याच तोंडून यायला हवं.

माझा प्रस्ताव असा आहे. दोन गट वेगळे आहेत ही तुमची मोठी सोय आहे. करार फक्त माळाच्या सात एकरांच्या गटाचा करा. मालकी सगळ्यांची आहे तशी राहू द्या. सात एकरांचं पहिल्या वर्षाचं भाडं साडेतीन लाख. त्यातले दीड-दीड लाख दोन्ही दिरांना, पन्नास हजार सासूबाईंच्या स्वतःच्या बँक खात्यावर. काळी पाच एकर आणि विहीर कराराच्या मुदतीपर्यंत तुम्ही कसायची, आणि ज्वारी-तूर पूर्वीसारखी पोचवायची. नणंदांचा हिस्सा निघाला तर हे आकडे हलतील, ते हलू द्या. दिरांना प्रत्येकी पन्नास हजार कमी मिळतील. त्याच्या बदल्यात घरातली एकमेव पाण्याखालची काळी जमीन शाबूत राहील. माळावर खांब रोवले, रस्ते केले, खडी टाकली तरी पंचवीस वर्षांनी तो माळच असेल. काळ्या रानाची लेव्हल काढून वरची माती हलवली, जड गाड्यांनी ती दाबली, की ती पुन्हा तशी हाती येत नाही. हे पुण्याच्या भाऊजींनाही पटेल, ते लहानपणी त्याच रानात वाढलेत.

हे ठरलं तर भावाभावांत लेखी करा. आज सगळे गोड बोलतात, दहा वर्षांनी पुढची पिढी विचारील की काकाच एकटा विहिरीवर का. विहिरीचं पाणी, कसण्याची मुदत, धान्य किती, हे सगळं कागदावर हवं.

एजंट म्हणेल, सात एकर एकटे घेऊन काय करू. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, त्यामुळे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मग तुमच्या माळाला लागून ज्यांची रानं आहेत त्यांच्याशी तुम्हीच बोला. चार-पाच खातेदारांनी मिळून माळाचा सलग पट्टा दिला तर कंपनीला जागा मिळते आणि तुम्हाला एकत्र बोलता येतं. एकेकट्यानं बोलणी केली की काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलंय. धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांची जमीन दोंडाईच्याच्या वीज प्रकल्पासाठी गेली, जो आधी औष्णिक म्हणून ठरला होता आणि पुढं सौर झाला. आपल्याला शेजाऱ्यांपेक्षा फारच कमी मोबदला मिळाला, हे त्यांचं म्हणणं होतं. दाद मागून थकल्यावर २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, आणि २८ जानेवारीला ८४ वर्षांचे धर्मा पाटील वारले. तिथं भूसंपादन होतं आणि तुमच्याकडे भाडं, हा फरक आहे. पण शेजाऱ्याला काय दर दिला ते माहीत असणं ही भाड्यातही पहिली गरज आहे. माळावरच्या सगळ्यांचा दर एक आणि करार एक असू द्या.

आणि आता करार. असे मसुदे मी वाचलेले आहेत. बहुतेक इंग्रजीत असतात, तीस-चाळीस पानांचे, आणि शेतकऱ्याला सहीसाठी शेवटचं पान उघडून देतात. मराठी मसुदा मागा, तो मिळेपर्यंत थांबा. सगळ्यात आधी "भाडे सुरू होण्याची तारीख" शोधा. काही ठिकाणी ती प्रकल्प कार्यान्वित झाल्याच्या दिवसापासून धरलेली असते. म्हणजे सही आज, पेरणी बंद आज, आणि भाडं मंजुऱ्या मिळून, खांब उभे राहून, वीज सुरू झाल्यावर. दीड-दोन वर्षं रान पडून राहील आणि हातात काही येणार नाही. भाडं ताबा दिल्याच्या दिवसापासून सुरू झालं पाहिजे, आणि उशीर झाला तर व्याज. मग करार सोडण्याचं कलम बघा. कंपनीला तीन महिन्यांच्या नोटिशीनं सोडून जाता येतं आणि जमीनमालकाला मुदतभर काहीच करता येत नाही, असं एकतर्फी लिहिलेलं असतं. लागोपाठ दोन हप्ते थकले तर तुम्हालाही करार मोडता आला पाहिजे.

कंपनी बँकेचं कर्ज काढणार, त्यात गैर काही नाही. पण तारण ठेवायचं ते तिचे भाडेहक्क आणि तिची यंत्रं, तुमची मालकी नाही, हे वाक्य स्पष्ट हवं. मुदत संपल्यावर खांब, काँक्रीट, जमिनीतल्या केबली कुणी काढायच्या आणि त्यासाठी अनामत किती, तेही. पॅनल आता २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली येतात, ते तुमच्या बांधावर टाकून जाता येणार नाहीत, तरी करारात तसं लिहून घ्या. पॅनल धुवायला पाणी लागतं, ते तुमच्या विहिरीतून उपसणार नाही हेही. आणि माळावरून शेजाऱ्यांची वहिवाट जात असेल तर कुंपण तिच्या बाहेरून पडलं पाहिजे. नाहीतर मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली शेजारी तहसीलदारांकडे अर्ज करतील आणि पहिलं नाव तुमचं येईल.

एक गोष्ट अजिबात करू नका: एजंटाच्या नावानं कुलमुखत्यारपत्र. "तुम्हाला वारंवार तालुक्याला यावं लागू नये म्हणून" असं म्हणून ते घेतात. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडं नोंदवावाच लागतो, नोटरीच्या स्टँपपेपरवर भागत नाही, आणि त्या दिवशी सगळ्या खातेदारांनी स्वतः हजर राहावं. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो आधी बघा. हे भाडं शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही, त्यावर आयकराचे नियम लागतात, तेव्हा नोकरी करणाऱ्या दिरांनी आपला कराचा हिशेब आधीच करून ठेवावा. पीककर्ज, पीकविमा, शेतकरी म्हणून मिळणारे हप्ते, हे सगळं पिकाखालच्या जमिनीवर मिळतं. सगळी बारा एकर दिली असती तर हे सारं एकदम गेलं असतं. पाच एकर ठेवण्याचं तेही एक कारण.

एजंट असंही म्हणेल की पॅनलखाली भाजीपाला घ्या, दोन्ही उत्पन्नं मिळतील. परभणीला सौर पॅनलांखाली पिकं घेण्याचे प्रयोग झालेत आणि ते मला आशेचे वाटतात. पण त्यासाठी खांब उंच लागतात, ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं, खर्च वाढतो. तुमच्या करारात उंची आणि आत येण्याचा हक्क लिहिलेला नसेल तर कुंपणाला कुलूप लागल्यावर तुम्हाला आत पाऊल टाकता येणार नाही.

आता गायरान. इथं मी तुमच्या गावातल्या बायकांच्या बाजूनं आहे, आणि का ते सांगते. खासगी जमिनीला योजनेत एकरी पन्नास हजार भाडं आहे. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्यानं दिली जाते. बदल्यात ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं, म्हणजे एकूण पंधरा लाख. तुमच्या चाळीस एकरांना खासगी दर लावला तर एका वर्षाचेच वीस लाख होतात. गावाला तीन वर्षांत मिळून त्यापेक्षा कमी मिळणार आणि पुढची बावीस वर्षं काही नाही. ज्या जमिनीवर गावातली सगळ्यात गरीब घरं टेकलेली असतात, तीच सगळ्यात स्वस्तात जाते. याला विरोध करायचा नाही तर कशाला करायचा?

कायदाही तुमच्या बाजूनं काही बोलतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२अ मध्ये म्हटलंय की गुरचराईसाठी राखलेलं गायरान दुसऱ्या कामाला देता येत नाही. सार्वजनिक प्रकल्पासाठी देता येतं, पण दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तरच. त्यामुळे उपोषणाच्या निवेदनात "सोलर हटाव" एवढंच लिहून भागायचं नाही. जिल्हाधिकाऱ्यांना विचारा की तालुक्यात दुसरी कोणती सरकारी जमीन पाहिली, ती का नाकारली, त्याची कागदपत्रं द्या. गावात जनावरं किती, त्यांना चराई किती लागते आणि उरलेली किती, हे विचारा. प्रकल्पाचा नकाशा मागा. माळावरचं पाणी आज कुठून वाहतं आणि कुंपण, लेव्हलिंग झाल्यावर कुणाच्या रानात घुसेल, ते त्या नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. गावच्या सामाईक जमिनी वाचवा असं सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात सांगितलं होतं. तो निकालही निवेदनाला जोडा. मात्र जोडण्याआधी पुढचं वाचा.

त्याच निकालाचा आधार घेऊन पुढं गायरानावरची अतिक्रमणं काढायच्या मोहिमाही निघाल्या. आणि मराठवाड्यात गायरान कसणारे कोण आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, पुढं एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून हाच प्रश्न बीड-धाराशिवच्या गावागावांत नेला. त्यातून दलित आणि भूमिहीन कुटुंबांनी गायरानं वहितीखाली आणली. १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारनं घेतला, तरी कितीतरी घरांची नावं अजून सातबाऱ्यावर चढलेली नाहीत. तुमच्या चाळीस एकरांत अशी घरं असणारच. प्रकल्प आला तर पहिली तीच उठवली जातील. आणि गावानं "गायरान वाचवा" म्हणत लढा जिंकला, तर पुढं त्याच नावाखाली पुन्हा त्यांनाच उठवायला काही लोक निघतील.

म्हणून माझी अट ही: तुम्ही मांडवात बसायच्या आधी निवेदन वाचायला मागा. त्यात गायरान कसणाऱ्या घरांची नावं आणि त्यांच्या वहितीला धक्का लागू नये ही मागणी आहे का ते बघा. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर तो घालायला सांगा आणि मग बसा. त्या वस्तीतल्या बाया मांडवात आहेत की नाहीत, आणि असतील तर कुठं बसल्यात, तेही बघा. फोटो काढायला पत्रकार आले की पुढं कोण सरकतं हे तुम्हाला कळेलच. त्या मागं असतील तर तुम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसा.

गायरान शेवटी गेलंच, तरी सगळं संपत नाही. चराईचा पट्टा आणि जनावरांची वाट सोडायला लावता येते. परदेशात पॅनलांच्या ओळींत मेंढ्या चारतात, गवतही निघतं आणि मेंढपाळालाही चालतं. शेळ्यांना आत घेत नाहीत, त्या वर चढतात, वायरी चावतात. म्हणजे धनगरांच्या मेंढ्यांची सोय झाली तरी सासूबाईंच्या शेळ्यांची होणार नाही. त्यांना बाहेरची जागा लागेल, आणि ती मागताना शेळी असं स्पष्ट लिहा, नुसतं "जनावरं" लिहू नका.

शेजारच्या कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड तालुक्यात पाच गावांच्या तेरा हजार एकरांवर २,०५० मेगावॉटचं सोलर पार्क उभं आहे. तिथं जमीन विकत घेतली नाही, शेतकऱ्यांकडून वर्षाला एकरी २१,००० रुपये भाड्यानं घेतली. कोरडवाहू, सतत दुष्काळी भाग, त्यामुळे जमीनवाल्यांपैकी अनेकांना ते परवडलं. पण त्याच शेतांत खुरपायला, काढणीला जाणाऱ्या मजुरांना भाड्यातलं काहीच मिळालं नाही. राखण, गवत काढणं, पॅनल धुणं एवढीच कामं उरली आणि ती थोड्यांनाच मिळाली. तुमच्या सात एकरांवर आज खुरपणीला कोण येतं? त्या बायकांना पाच एकरांवर किती दिवस काम देता येईल, याचा विचार करार करताना करा. पाण्याखालच्या पाच एकरांत सोयाबीनऐवजी भाजीपाला किंवा तुती लावली तर कामाचे दिवस वाढतात, आणि तुमचं उत्पन्नही.

दीर म्हणतात, बसलीस तर बोलणं बंद. हे त्यांना भीतीपोटी वाटतंय. तुम्ही मांडवात दिसलात तर कंपनी घरचा करार मोडेल असं त्यांना वाटत असणार. त्यांना सांगा की माळाच्या करारावर तुम्ही स्वतः सही करायला तयार आहात, आणि गायरानासाठी बसणं हे त्याच्या आड येत नाही. एकाच घरातलं माणूस आपली जमीन भाड्यानं देऊ शकतं आणि गावाच्या जमिनीसाठी भांडूही शकतं. गावातल्या कुणी उलट विचारलं की तुम्ही स्वतः दिली आणि आम्हाला का अडवता, तर हेच उत्तर द्या: आमची दिली ती आमच्या सहीनं, भाडं घेऊन. गायरान कसणाऱ्यांना सही कुणी विचारली?

दोन्ही दीर सणाला गावी येतील तेव्हाच हे बोला, फोनवर नको. नणंदांनाही बोलवा. सातबारा, फेरफार आणि वरचा सात-पाच एकरांचा हिशेब कागदावर काढून ठेवा, सुरुवात यजमानांना करू द्या, आणि आकडे तुम्ही वाचा, कारण बी-खताचा आणि मजुरीचा हिशेब घरात तुम्हीच ठेवत असणार. एजंटाला त्या दिवशी घरी बोलावू नका. तो आपण होऊन आलाच तर चहा द्या, पण मूळ कागद त्याच्या हातात देऊ नका, आणि कोऱ्या कागदावर, छोट्या रकमेच्या इसार पावतीवरसुद्धा, कुणीही सही करू नका. मराठी मसुदा हातात आला की तो या सदराकडं पाठवा. सह्या होण्याआधी मी तो वाचून कळवते.